पूर्वसूचनेची मुदत: उधन्यातील साचेकामगाराचा प्रश्न

कामगाराने काम सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगावे, याविषयी सुरतजवळच्या उधन्यातील यंत्रमाग कारखानदारीत एक ठाम मत ऐकू येते: किमान महिनाभर आधी सांगावे आणि जो न सांगता जातो त्याने मागे राहिलेल्या मजुरीवर पाणी सोडावे. या पूर्वपक्षामागील अडचण खरी आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या वाटेने रेल्वेने उधन्याला आलेले खानदेशी कामगार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा लग्नसराईत गावी जातात, त्यांतले काही परततच नाहीत, साचे (यंत्रमाग) उभे राहतात आणि ग्रे कापडाचा, म्हणजे रंगाई-छपाई न झालेल्या कोऱ्या कापडाचा, व्यापाऱ्याला दिलेला वायदा चुकतो. मात्र या अडचणीतून महिन्याची मुदतही सिद्ध होत नाही आणि मजुरी दाबण्याचा अधिकार तर मुळीच सिद्ध होत नाही.

प्रथम मुदतीचा विचार करू. पूर्वसूचनेचे प्रयोजन दुहेरी असते: हातातले काम दुसऱ्याकडे सोपवणे आणि बदली माणूस शोधणे. डाइंग मिलमधील रंगमास्तराला प्रत्येक छटेचे प्रमाण, कोणत्या कापडावर कोणता रंग कसा बसतो याचे ज्ञान आणि अर्धवट राहिलेले नमुने दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागतात, त्यामुळे त्याच्याकडून महिन्याची अपेक्षा रास्त ठरते. मीटरवर मजुरी घेणाऱ्या साचेकामगाराचे तसे नाही. बारा तासांची पाळी संपली की तो आपले सर्व साचे जोडीदाराच्या, म्हणजे त्याच साच्यांवर दुसरी पाळी करणाऱ्या कामगाराच्या, हवाली करतो. कोणत्या साच्यावर बाणा वारंवार तुटतो, कोणत्या बीमचा ताणा कमजोर आहे, कोणते बीम संपत आले आहे, हे दोन वाक्यांत सांगून तो खात्याबाहेर, म्हणजे कारखान्याबाहेर, पडतो. हस्तांतर जिथे रोज दोनदा होते, तिथे हस्तांतरासाठी महिना मागण्याला अर्थ उरत नाही. उरते ते बदली माणूस शोधण्याचे प्रयोजन, आणि तेवढ्यासाठी पंधरवडा पुरेसा आहे.

हे माप कायद्यालाही अपरिचित नाही. 1946च्या स्थायी आदेश कायद्याखालील केंद्रीय नियमांतील नमुना आदेश, म्हणजे आस्थापनेच्या सेवाशर्तींचा सरकारने घालून दिलेला आराखडा, कायम मासिक वेतनदाराला एक महिना आणि इतर कायम कामगाराला दोन आठवडे अशी मुदत सांगत होता. महत्त्वाचे म्हणजे ती मालक आणि कामगार या दोघांवर सारखीच ठेवत होता. तोच आदेश तात्पुरत्या व बदली कामगाराला मात्र नोटिशीचा हक्क देत नव्हता. मूळ कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता आणि 2020च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा तीनशेवर नेली, त्यामुळे लहान खात्यातला कामगार या चौकटीच्या बाहेरच राहतो. ज्याला हजेरीकार्ड नाही, नेमणुकीचा कागद नाही आणि ज्याला संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नको’ असे सांगता येते, त्याच्याकडूनच महिन्याची नोटीस मागणे हा उघड अन्याय आहे.

मजुरी अडकवण्याचा दावा याहून दुबळा आहे. केलेल्या कामाची मजुरी पुढच्या पगारापर्यंत मालकाकडेच असते, म्हणजे व्यवहारात कामगारच मालकाला उधार देत असतो. 1936च्या वेतन अदायगी कायद्यात मजुरी कापण्याची एक तरतूद होती, परंतु ती दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, करारात ठरलेली सूचना न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहण्यापुरती होती, आणि तिथेही कपातीची कमाल मर्यादा आठ दिवसांच्या मजुरीची होती. एकट्याने निघालेल्याची महिन्याची मजुरी जप्त करण्याला त्यात आधार सापडत नाही. उचलीचेही तसेच. उचल हे कर्ज आहे आणि त्याचा हिशेब कर्जासारखा व्हावा. उचल घेऊन काम सोडणाऱ्याला तुरुंगात पाठवू शकणारा 1859चा कायदा ब्रिटिश राजवटीलाही 1925मध्ये रद्द करावा लागला.

याच्या उलट टोकाचा पक्ष असा की मालक सांगून काढत नाही, मग कामगाराने सांगून का जावे? मालकापुरता हा युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु न सांगता गेलेल्याचा पहिला फटका मालकाला बसत नाही. रात्रभर उभा राहिलेला जोडीदार सकाळी साच्यांशी ताटकळतो, माणूस आला नाही असे कळते आणि मग साचे बंद ठेवायचे की तशाच थकलेल्या अंगाने दुसरी पाळी ओढायची, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. तो बहुधा आपल्याच गावाकडचा, कित्येकदा एकाच खोलीत राहणारा असतो. पूर्वसूचनेचे नैतिक ऋण आहे ते या माणसाचे, आणि ते मालकाच्या वर्तनाने फिटत नाही.

म्हणून मीटरवरच्या कामगाराने पंधरा दिवस आधी मालकाला आणि त्याच दिवशी जोडीदारालाही सांगावे. घरी मृत्यू, आजारपण किंवा मारहाणीसारखे कारण असल्यास ही अट लागू नसावी. मालकाने काढतानाही तेवढेच दिवस द्यावेत, नाहीतर तेवढ्या दिवसांची सरासरी मजुरी द्यावी. हिशेब 2019च्या वेतन संहितेने राजीनाम्यालाही लागू केलेल्या दोन कामाच्या दिवसांच्या मुदतीत चुकता व्हावा. मीटरचा दर, नोटिशीचे दिवस आणि उचलीची रक्कम लिहिलेली, दोघांच्या सह्यांची चिठ्ठी कामाला लागतानाच कामगाराच्या हाती पडली पाहिजे, आणि ती त्याला वाचता येईल अशा भाषेत असली पाहिजे.