‘सेव्ह’ झालं, पण कुठे?

ओहायोतल्या डब्लिनमध्ये १ ऑक्टोबर २०१५ला ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने शेवटची तालिका कार्डं छापली. तोवर छापलेल्या कार्डांची संख्या १९० कोटींच्या घरात गेली होती. कार्डांच्या कपाटांबद्दल गहिवरून बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ती कार्डं ज्या यंत्रणेतून निघत, तिथे ‘जतन’ म्हणजे नेमकं काय होई, याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

ओहायोतल्या ५४ कॉलेजांनी १९६७ साली ही संस्था उभारली. संचालक फ्रेडरिक किल्गोर यांच्या देखरेखीखाली २६ ऑगस्ट १९७१ला सामायिक तालिका सुरू झाली. संगणक एकच, झेरॉक्सचा सिग्मा ५, तोही कोलंबसला (डब्लिनला बिऱ्हाड हललं १९८१ साली). टर्मिनलं गावोगावच्या ग्रंथालयांत, टेलिफोनच्या तारांवर. पहिल्या दिवशी ओहायो विद्यापीठाच्या ऑल्डन ग्रंथालयाने १३३ पुस्तकं उरकली.

तालिकाकार लेखकाच्या आडनावाची चार आणि शीर्षकाची चार अक्षरं टाकून नोंद शोधी, आपल्या रीतीप्रमाणे तिच्यात फेरफार करी आणि ‘प्रोड्यूस’चा हुकूम सोडी. फेरफारांसह छापलेली कार्डं टपालाने येत. मूळ नोंदीला मात्र त्या ग्रंथालयाचं चिन्ह तेवढं चिकटे. बदललेली प्रत डिस्कवरच्या तालिकेत न जाता चुंबकीय फितीवर जाई. दुसऱ्या दिवशी तीच नोंद उघडावी, तर आपले बदल गायब! पुढे ग्रंथालयांनी स्वतःचे संगणक घेतले, तेव्हा त्याच फितींवरून त्यांच्या तालिका भरल्या गेल्या.

मला यात शहाणपण दिसतं. एका नोंदीवर इतके हात पडणार, तर मूळ प्रत कुणाची आणि ती बदलायचा हक्क कुणाला, हे आधीच ठरवलेलं होतं. आपल्याकडे कोहा किंवा सोल ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअर बसवताना हा प्रश्न किती जण विचारतात?

उत्तर तपासायचं, तर दोन मशीनवरून एकच नोंद उघडा. एकावर शीर्षक बदला, दुसऱ्यावर विषय. दोन्हीकडे ‘सेव्ह’ करा आणि काय उरलं ते पाहा. मागाहून सेव्ह करणाऱ्याने पहिल्याचं काम पुसलं असेल, तर नोंदी भरण्याच्या दिवसांत दोघांना एकाच शेल्फच्या कामाला लावू नका.

हा झाला दोघांच्या बदलांचा प्रश्न; डिस्कची गोष्ट वेगळी. पडद्यावर ‘जतन झाले’ आलं, तरी माहिती काही काळ मेमरीतच असू शकते. जुन्या युनिक्सवाले मशीन बंद करण्याआधी ‘सिंक’ हा हुकूम तीनदा टाइप करत, ते याच धास्तीने. आज कोहा ज्यावर चालतं त्या मारियाडीबी डेटाबेसात इनोडीबीच्या लॉग-फ्लशची सेटिंग १ असेल, तर प्रत्येक व्यवहार डिस्कवर उतरवला जातो. ‘वेग वाढतो’ म्हणून कुणी ती २ केली असेल, तर वीज गेल्यावर शेवटच्या सेकंदाभराचं काम जाऊ शकतं. देवघेवीच्या काउंटरवर भर दुपारी तेवढ्यातही एखादं पुस्तक परत आलेलं असू शकतं. सर्व्हरचा यूपीएस आधी तपासा, वेगाचं नंतर बघू.

दोन मशीनांची चाचणी करून सॉफ्टवेअरच्या आवृत्तीसह निकाल आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यांचा तक्ता छापू.