दगडाची चिठ्ठी

आपल्याकडे दगडाला मान नाही. 'अगदीच दगड आहेस' हे वाक्य घरात आणि वर्गात सारखंच ऐकू येतं. पण आपल्याच जमिनीतले दगड जगभरच्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात मांडून ठेवलेले आहेत. मुलांना मोबाइलपासून थोडा वेळ दूर ठेवील आणि फारसा खर्च करायला लावणार नाही असा छंद पालक नेहमी विचारतात. या महिन्यात असा एक छंद सांगते: स्फटिक जमवणं.

आधी नावं पाहू. मराठीत याला गार किंवा गारगोटी म्हणतात, पुस्तकात स्फटिक, आपल्या उर्दूत बिल्लौर आणि इंग्रजीत क्वार्ट्झ. हीच गार जांभळी असली की ती ॲमेथिस्ट. सराफाकडे तिला जमुनिया किंवा कटेला म्हणतात. जुन्या ग्रीकांची समजूत होती की स्फटिक म्हणजे इतका गोठलेला बर्फ की जो पुन्हा वितळतच नाही. गंमत अशी की मराठीतही आभाळातून पडतात त्या गाराच आणि जमिनीतून निघते तीही गारच.

ही गार आली कुठून? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थरावर थर साचले आणि त्यांचा काळा कातळ झाला. आजही हा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. हाजी मलंगचा डोंगर त्याचाच, अंबरनाथचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर त्याच्याच दगडाचं, आणि इथे बेलवलीत नव्या इमारतींसाठी येणारी खडीही तीच. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. भाकरीत पापुद्रा सुटावा तशा दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षं पाणी कातळातून झिरपत राहिलं. त्याने दगडातली सिलिका विरघळवून आणली आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींवर थोडी थोडी ठेवली. बहुधा आधी अकीकाचा पातळ थर बसला, मग त्यावर गारेची टोकं उगवली. पाण्यात किंचित लोह असेल आणि आजूबाजूच्या खडकाचा सूक्ष्म किरणोत्सार दीर्घकाळ लागला असेल तर ती टोकं जांभळी झाली. शेवटी कधी कॅल्साइट, कधी स्टिल्बाइट, कधी ॲपोफिलाइट असे सोबती येऊन बसले.

खडीच्या ढिगाजवळ मुलांना घेऊन उभे राहा. काळ्या खडीत पांढरे ठिपके दिसतील. ते म्हणजे अशाच भरून गेलेल्या बारीक पोकळ्या. मोठी पोकळी फुटली, आत जागा शिल्लक असली आणि टोकं शाबूत राहिली, तरच संग्रहात ठेवण्याजोगा नमुना मिळतो.

असे नमुने आपल्याकडे मुद्दाम खाण खोदून सहसा काढले जात नाहीत. ते मिळतात ते खडीच्या खाणीत, विहिरीच्या खोदकामात, रस्त्याच्या कापणीत. जालना, औरंगाबाद आणि जळगावचा पट्टा गार, जमुनिया आणि त्यांच्या सोबत्यांसाठी प्रसिद्ध आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज मिळालं. त्याची पहिली ओळख अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पटली होती, पण जगातले उत्तम नमुने वाघोलीचे मानले जातात. मुंबईतल्या मालाडच्या खाणींनी प्रेह्नाइट दिलं. आता शहर वाढलं तशा तिथल्या खाणी सरल्या. जे तेव्हा उचललं गेलं तेवढंच राहिलं.

बाकी सगळं क्रशरमध्ये जातं. सुरुंग उडतो, पोकळी उघडी पडते, आणि पुढचा डंपर येईपर्यंतच्या वेळात एखादा मजूर वाकून पाहतो, हाताने माती काढतो, नमुना कागदात किंवा पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवतो. कपाटातल्या प्रत्येक नमुन्यामागे असा कुणीतरी वाकलेला माणूस आहे. त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं.

इथे मी खऱ्या विषयावर येते. नवशिक्यांना वाटतं की दगड सुंदर असला की झालं. सौंदर्य हवंच: टोक तुटलेलं नसावं, कडा धारदार असाव्यात, चकाकी असावी, जांभळा रंग खोल असावा, आणि खालचा मूळ खडक थोडा शिल्लक असेल तर फारच चांगलं. पण नमुन्याची अर्धी किंमत त्याच्यासोबतच्या चिठ्ठीत असते. तो कुठल्या गावचा, खाणीतला की विहिरीतला, कधी निघाला, कोणाकडून आला. ही चिठ्ठी हरवली की तो नुसता शोभेचा दगड. तो हातात घेऊन कुणी काही शिकू शकत नाही, कारण त्याचा प्रश्नच पुसला गेलेला असतो.

याचं उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. कल्याणहून बदलापूरमार्गे खोपोलीपर्यंत १८५६ साली गाडी सुरू झाली. पुढे बोरघाट फोडून १८६३ साली मार्ग वर नेला. त्या फोडणीत स्फटिकांचे सुरेख नमुने निघाले आणि ते विलायतेच्या संग्रहालयांत पोहोचले. पण त्या काळच्या कितीतरी नमुन्यांच्या चिठ्ठीवर फक्त 'पूना' एवढंच आढळतं. घाटातला असो की आणखी दूरचा, सगळा पूना. आता तो नमुना नेमका कुठल्या कातळातून आला हे सांगणार कोण? ज्यांनी तो उचलला ते मजूर तर केव्हाच गेले.

याच्या उलट उदाहरण राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचं. तिथे २००१ साली एका विहिरीत हिरव्या ॲपोफिलाइटचे गोलाकार गुच्छ निघाले. आज जगात कुठेही त्यातला एखादा नमुना दिसला तर जाणकार म्हणतो, 'मोमीन आखाडा, विहीर, २००१.' एका छोट्या गावाचं नाव केवळ चिठ्ठीमुळे दूरदेशीच्या कपाटात नीट वाचलं जातं.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा खडीचा डंपर चालवतात. त्याने एकदा डब्यातून गारेचा तुकडा आणला आणि विचारलं, "मॅडम, हा कितीला जाईल?" मी म्हटलं, "आधी हा कुठल्या खाणीचा ते अब्बांना विचारून ये." दुसऱ्या दिवशी त्याने गावाचं नाव आणलं, खाणीतली बाजू सांगितली, आणि वर म्हणाला, "अब्बा म्हणाले, आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं." भूगोलाचा तो तास मला वेगळा घ्यावा लागला नाही.

चिठ्ठी लिहायची तर दगड ओळखता यायला हवा. त्याला घरातली साधनं पुरतात. गार काचेवर ओरखडा काढते. कॅल्साइट काढत नाही. ही परीक्षा फुटक्या तुकड्यावर करा, चांगल्या नमुन्याचं टोक वापरू नका. कॅल्साइटच्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे येतात, गारेवर काहीच होत नाही. तिसरी परीक्षा कंपासपेटीतल्या कोनमापकाची. गारेच्या खांबाला सहा बाजू असतात आणि शेजारच्या दोन बाजूंमधला कोन १२० अंशांचा असतो, मग एखादी बाजू रुंद असो की अरुंद. १६६९ साली निकोलस स्टेनो या विद्वानाने हे दाखवून दिलं. मुलांना स्वतः मोजू द्या. सहावी-सातवीच्या मुलाला निसर्गात कोन सापडला की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

बाजारात चिठ्ठ्या खोट्याही असतात. जमुनिया तापवला की पिवळा-तपकिरी होतो आणि मग सिट्रीन म्हणून विकला जातो. तापवणं हा गुन्हा नाही, ते लपवणं ही फसवणूक आहे. रंगवलेल्या दगडात रंग चिरांमध्ये साचलेला दिसतो. काचेच्या नकली स्फटिकात गोल बुडबुडे दिसतात. खऱ्या जमुनियात रंग सगळीकडे सारखा नसतो, टोकाकडे बहुधा गडद असतो.

पण सगळ्यांत महाग पडते ती वेगळीच खोटी चिठ्ठी: 'हा दगड उशाशी ठेवा, चिंता जाईल. हा गळ्यात घाला, शुगर उतरेल.' जमुनियाचं ग्रीक नावच मुळी 'नशा न चढू देणारा' अशा अर्थाचं आहे. तो जवळ असला की दारू चढत नाही अशी त्यांची समजूत होती. दारू सोडवायला आजही कुणी घरधनिणीला हा दगड विकत असेल, तर ती दोन हजार वर्षं जुनी समजूत आहे एवढं तिला ठाऊक असावं. तेच पैसे व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत जाण्या-येण्याच्या भाड्याला लागले तर घर सावरेल.

अशा समजुतींशी कसं वागावं हे अबू रैहान अल-बिरूनीने अकराव्या शतकातच दाखवलं. त्याने रत्नांवर 'किताबुल जमाहिर' हा ग्रंथ लिहिला. पाण्याच्या साहाय्याने त्याने रत्नांचं तुलनात्मक वजन काढलं, त्यात बिल्लौरही होता. त्या काळी सगळे म्हणत की पाचू पाहिला की सापाचे डोळे फुटतात. बिरूनीने सापाला पाचूंची माळ घातली, त्याच्या जागेत पाचू पसरले, त्याच्यासमोर पाचूंची लड हलवली, आणि हे नऊ महिने उन्हाळ्यात-हिवाळ्यात चालवलं. सापाला काहीही झालं नाही, हे त्याने लिहून ठेवलं. आधी पाहणं, मग लिहिणं. आपल्या मुलांना एवढंच शिकवायचं आहे.

बिल्लौराचा एक भाऊ आपल्या बहुतेक घरांत आहे: अकीक. अंगठीत आहे, तसबीहच्या मण्यांत आहे. तीही सिलिकाच, फक्त तिचे कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. गुजरातेत रतनपूरच्या बाजूला तो निघतो आणि खंबायतला घडवला जातो. तिथून शतकानुशतकं तो समुद्रमार्गे अरबस्तानात आणि आफ्रिकेत गेला. पण अकीक घासताना उडणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन रुतते. त्यातून सिलिकोसिस होतो. झालेली हानी भरून काढणारं औषध नाही, आणि क्षयाचा धोकाही वाढतो. खंबायतच्या कारागिरांत हा आजार आढळल्याचं अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने पाहणीत नोंदवलं आहे. घासण्याचं काम घरातच चालतं, तेव्हा बायकामुलांनाही ही धूळ लागते. हातातला घडीव दगड निर्धोक असतो. त्याची धूळ जीव घेते. म्हणून अकीक घेताना दुकानदाराला विचारा की तो कुठे घासला, धूळ खेचून घेणारं यंत्र तिथे आहे का. उत्तर मिळेलच असं नाही. पण गिऱ्हाईकं विचारू लागली की दुकानदारही पुढे विचारू लागतो. आणि मुलांना घरी दगड कोरडा घासू, कापू देऊ नका.

सुरुवात कशी करावी? अंड्यांचा रिकामा पुठ्ठा घ्या. तीस घरांचं कपाट तयार. नमुना कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा. व्हिनेगर आणि ॲसिड नमुन्यापासून लांब ठेवा, गारेचे नाजूक सोबती त्याने खराब होतात. जमुनिया खिडकीच्या उन्हात ठेवू नका, रंग उडतो. खाणीत मुलांना नेऊ नका: सुरुंग, सैल कडे आणि साचलेलं खोल पाणी, तिन्ही धोक्याची. लेणी, किल्ले आणि संरक्षित जागांतून काहीही उचलू नका. चांगले नमुने एकत्र पाहायचे असतील तर सहलीला सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा. नाशिकला जाणाऱ्यांना ते वाटेपासून फार दूर नाही.

आणि पहिल्याच दिवशी चिठ्ठी लिहायला बसवा. वहीचा छोटा तुकडा, पेन्सिल, स्वच्छ अक्षर. मराठी, उर्दू, जी लिपी हाताला सवयीची ती. दगडाला बारीक क्रमांक द्या, तोच क्रमांक चिठ्ठीवर. मुलाला जे ठाऊक आहे तेवढंच लिहू द्या. मोठं वाटावं म्हणून जालना किंवा जळगाव लिहायचं नाही. पहिली चिठ्ठी अशी असली तरी चालेल: 'क्र. १. पांढरी गार, काळ्या खडीतली. बेलवली, बांधकामाजवळचा ढीग. १२ मे. सोबत अम्मी होती. खाण माहीत नाही.'

शेवटचं वाक्य खोडायला सांगू नका. दुसऱ्या दिवशी खडी टाकायला डंपर आला की मुलाला ड्रायव्हरचाचांना विचारता येईल.