लघवीतून रक्त गेलं तर गप्प बसू नका!

सोलापुरातल्या डाइंग, यंत्रमाग आणि विडी कामगार बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात आपला आणखी एक साथीदार गेला. उभी हयात डाइंगमध्ये सूत रंगवण्यात गेली, खिशात कायम विडीचं बंडल. लघवी लाल झाली तेव्हा खात्यातले जुने लोक म्हणाले, "रंगाचं काम आहे, लघवीला रंग येणारच." कुणी उन्हाळी म्हणालं, कुणी मूतखडा. धने-जिऱ्याचं पाणी झालं, दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. चार दिवसांत रक्त आपोआप थांबलं आणि सगळे निर्धास्त झाले. पुन्हा दिसलं तेव्हा मूत्राशयातली गाठ स्नायूत उतरली होती. आत दुर्बीण घालून बघा, असं पहिल्या वेळी एकाही शहाण्याला सुचलं नाही, याचा आम्हाला संताप आहे.

मूत्राशयाच्या या कर्करोगात सुरुवातीला बहुधा काहीच दुखत नाही. रक्त येतं, थांबतं, महिन्यांनी पुन्हा येतं. वेळेत गाठला तर बहुतेकांची गाठ आतल्या अस्तरापुरतीच असते आणि दुर्बिणीतून खरवडून काढता येते. मात्र ती पुन्हा उगवते, म्हणून नंतरही तपासण्या चुकवायच्या नाहीत.

आता कारण ऐका. विडी-सिगारेटचा धूर फुप्फुसातून रक्तात जातो, मूत्रपिंड त्यातलं विष गाळतं आणि ते लघवीत तासन् तास मूत्राशयात साठून राहतं. धूम्रपान करणाऱ्याला हा धोका निदान तिप्पट. जवळपास निम्मे रुग्ण तंबाखूच्या धुरापायीच होतात. "आमचे आजोबा ऐंशीपर्यंत विडी ओढत होते" हे आता पुरे. जे पन्नाशीत गेले त्यांचे नातू बोलायला येत नाहीत.

दुसरं कारण आपल्या हातावर आहे. रंगकामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने 1895 मध्ये सांगितलं. बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन ही त्यातली मुख्य विषं, हे 1954 च्या ब्रिटिश अभ्यासाने पक्कं केलं. आपल्याकडे बेंझिडीनच्या रंगांवर बंदी यायला 1990 चं दशक उजाडलं. त्याआधी ज्यांनी उघड्या हातांनी बादलीत पावडर कालवली, नखात रंग घेऊन भाकरी मोडली, ते आज साठीच्या घरात आहेत. हा आजार वीस-वीस वर्षांनी डोकं वर काढतो. बंदी आली म्हणून त्यांचा धोका संपला, असं म्हणणाऱ्या मालकाला हे तोंडावर सांगा.

बायांनो, तुम्हीही ऐका. पुरुषांना हा आजार तिप्पट-चौपट होतो हे खरं, पण पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं की अंगावरून जातंय म्हणून ती गप्प बसते आणि निदान उशिरा होतं. लाज बाळगू नका.

म्हणून लगेच करा: एकदाही लाल किंवा चहासारखी लघवी झाली, तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी. मूतखडा सापडला नाही तर दुर्बिणीच्या तपासणीचा आग्रह धरा. काम कोणतं आणि किती वर्षं केलं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते बहुधा विचारत नाहीत. विमा कार्ड असेल तर ते घेऊन जा, नसेल तर सिव्हिल आहे, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. विडी आजच बंद. सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरतो. खात्यात हातमोजे मागा, रंगाच्या प्रत्येक डब्याची सेफ्टी डेटा शीट मागा. "नाही" म्हणाले तर एकटे भांडू नका, आपल्या कामगार समितीला कळवा. ज्या शहरातल्या विडी कामगारांनी कुंभारीत दहा हजार घरं लढून मिळवली, त्या शहराला चार हातमोजे मागायची भीती वाटावी?

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता समितीच्या कार्यालयात या. पंधरा वर्षांहून जास्त डाइंगमध्ये काम केलेल्यांची यादी करायची आहे. जे थकून घरी बसलेत, त्यांना सोबत आणा. त्यांची नावं आधी लिहिली जातील.