फॉर्म भरणारी की जाणती?

'बाईला काय कळतं?' हे ऐकतच आपण मोठ्या झालो. आज तेच वाक्य प्रशिक्षणाच्या भाषेत येतं: 'तिला नेमून दिलंय तेवढंच शिकवा.'

पोंभुर्णा तालुक्यातली आशा बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाचं वजन, ताप, श्वास बघते, फॉर्म भरते. ही रीत वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीत घडली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना तयार केलं. पहिलं वर्ष त्यांनी मुख्यतः बाळं पाहिली, नोंदी केल्या. उपचार पुढच्या वर्षी. मग अनेक लक्षणं जुळवून जंतुदोष ओळखणं आणि घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं त्या करू लागल्या. तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं.

हातानो आणि इनागाकी या जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये कसबाचे दोन प्रकार सांगितले. एक, ठरलेलं काम झटपट, बिनचूक करण्याचं. दुसरं, 'असं का?' हे उमगल्यामुळे नव्या अडचणीतही वाट काढण्याचं. हे दुसरं नुसत्या सरावाने येत नाही. त्याला प्रश्न विचारायची मोकळीक लागते आणि चूक झाली तर न रागावता समजावणारं माणूस लागतं.

नियम गडचिरोलीतही होतेच. पण त्या बायांच्या हाती निर्णय होता. २०११ मध्ये सरकारने गृहभेटींची योजना आशांमार्फत देशभर नेली. भेटी गेल्या, फॉर्म गेले, एका बाळामागे अडीचशे रुपये ठरले. इंजेक्शनचा निर्णय मात्र आशेकडे आला नाही. धोका ओळखायचा तिने, आणि वाट पाहायची दुसऱ्याची. जंगलातल्या गावात, पावसाळ्यात, रात्री!

मोबदल्याची लढाई हवीच. २०२३ च्या संपात आशा त्यासाठीच रस्त्यावर उतरल्या. पण मागणीपत्रात आणखी एक ओळ हवी: आम्हाला कारणं शिकवा, आणि आमच्या नोंदींवर आमच्याशी चर्चा करा.

आणि मैत्रिणींनो, आपल्या शिबिरांचं काय? कायद्याची कलमं आपणही पाठच करून घेतो ना? पोलीस पाटलाने तक्रार ऐकलीच नाही तर पुढे काय, हे तिला ठरवू देतो का? तिथे ती अडली, तर दोष तिच्या शिक्षणाचा नाही, आपल्या शिकवण्याचा आहे.