सेवा उत्तम, पण विचारले कोणाला?

२०२३ सालच्या आषाढातली गोष्ट. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन सात महिने झाले होते. उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. कोथरूडच्या आमच्या घरी सकाळी आठ ते रात्री आठ ब्यूरोकडून एक मावशी येत; रात्री मी आणि पत्नी आळीपाळीने उठत असू. महिन्याच्या एक तारखेला ब्यूरोचा माणूस पैसे न्यायला आला, की एक छापील कागद पुढे करी. वेळेवर येतात का? वागणूक कशी आहे? स्वच्छता कशी आहे? एकूण सेवा कशी वाटते? मी उभ्याउभ्याच ‘उत्तम’वर खूण करून सही ठोकत असे. त्या महिन्यातही ठोकली. चौथ्या दिवशी नाशिकहून बहीण आली. चादर बदलताना तिने आईला कुशीवर वळवले आणि ‘दादा, जरा इकडे ये’ एवढेच म्हणाली. माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम होती. कडेने काळसर, मध्ये ओली.

ती जखम भरून यायला साडेचार महिने लागले. माझ्या सहीच्या कागदाची प्रत अजून फायलीत आहे.

मी बँकेच्या तपासणी विभागात चौतीस वर्षे काढली. शाखेत अचानक जायचे, मॅनेजरचा चहा नंतर, आधी तिजोरी उघडून रोकड मोजायची, हा आमचा पहिला धडा. तोच मी स्वतःच्या घरात मात्र मॅनेजरच्या शब्दावर विसंबून सह्या करत होतो, आणि हा मॅनेजर दुसरा कोणी नव्हता, मीच होतो! आई मार्च २०२४ मध्ये गेली. पण घरी येणारी शुश्रूषा चांगली की वाईट, हे ठरवायचे कसे आणि ठरवायचे कोणी, हा प्रश्न काही डोक्यातून गेलेला नाही.

दोष कोणाचा?

मावशींवर खापर फोडणे सोपे होते आणि पहिले दोन दिवस मी ते फोडलेही. पण नंतर नीट बसून बोललो तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. आमच्याकडून रात्री आठला निघून त्या दुसऱ्या एका घरी रात्रपाळीला जात. मी महिन्याला २४ हजार देत होतो, त्यातले त्यांच्या हातात १५ हजार पडत. दोन मुले नांदेडकडे आजीजवळ. आईचे वजन सत्तर किलो. दर दोन तासांनी तिला एकटीने कुशीवर वळवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते आणि तसे त्यांनी ब्यूरोला दोनदा सांगितलेही होते. ‘घरच्यांना कशाला त्रास देता, सांभाळून घ्या,’ असे उत्तर मिळाले.

म्हणजे जखम होणार हे एका माणसाला आधीपासून कळत होते आणि दुसऱ्याला ती होताना दुखत होते. त्या दोघींपैकी कोणालाही कागदाने काही विचारले नाही. पहिलीला विचारले नाही कारण ती नोकर, दुसरीला विचारले नाही कारण ती बोलू शकत नव्हती. विचारले मला, कारण पैसे मी देत होतो. आणि मी तर बहुतेक वेळ बाहेरच्या खोलीत असे.

आपण मध्यमवर्गीय माणसे घरी येणाऱ्या आयाची किंवा मामांची पारख कशावरून करतो, हे एकदा प्रामाणिकपणे आठवून पाहावे. वेळेवर येतात का, उलट बोलतात का, कपाटाला हात लावतात का. हल्ली त्यात कॅमेऱ्याची भर पडली आहे. बाई मोबाइल बघत बसली आहे, हे कॅमेरा दाखवतो. टाच लाल झाली आहे, हे दाखवत नाही. हे सारे प्रश्न आपल्या सोयीचे आणि सुरक्षिततेचे आहेत. खाटेवरच्या माणसाची अवस्था त्यात कुठेच नाही.

रोकड मोजायची कशी?

वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा जोखावा, याची एक साधी चौकट अवेदिस डोनाबेडियन या विद्वानाने १९६६ साली मांडली. तिचे तीन भाग आहेत. सेवेची साधने काय आहेत, प्रत्यक्षात केले काय जाते आणि त्यातून रोग्याचे झाले काय. आपला कागद फार तर पहिल्या भागाशी थांबतो. बाई शिकलेली आहे का, गणवेश आहे का, वॉटरबेड आहे का. आमच्याकडे वॉटरबेडही होता!

दुसरे नाव सिडनी कॅट्झ यांचे. रोजच्या जगण्यातली सहा कामे माणूस किती स्वतः करू शकतो, याचे मोजमाप त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केले. आंघोळ, कपडे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. जगभर ते आजही वापरले जाते. घरी शुश्रूषा सुरू होईल त्या दिवशी ही सहा कामे वहीत लिहावीत आणि दर महिन्याला पुन्हा ताडून पाहावीत. पहिल्या महिन्यात डाव्या हाताने चमचा धरणारा माणूस चौथ्या महिन्यात भरवून घेऊ लागला असेल, तर त्याचे कारण विचारलेच पाहिजे. कधी कारण आजार असतो. कधी एवढेच असते, की भरवले की दहा मिनिटांत उरकते आणि त्याच्या हाताने खाऊ दिले की पाऊण तास लागतो.

बाकीच्या खुणा अंगावरच असतात आणि त्या पाहायला डॉक्टर लागत नाही. माकडहाड, कुल्ले, टाचा, कोपरे रोज पाहावीत. लाल डाग बोटाने दाबला आणि तो फिका पडला नाही, तर जखमेची ती पहिली सूचना समजावी. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे त्वचा गरम किंवा कडक लागते का ते बघावे. वजन उतरते आहे का, लघवी गडद होते आहे का, जेवताना वारंवार ठसका लागतो का, जेवण बसवून देतात की निजल्या निजल्या? हे प्रश्न त्या कागदावर असते, तर चौथ्या महिन्यातच मी जागा झालो असतो.

आणि ही तपासणी पगारी बाईंपुरती नको. आपल्याकडे बहुतेक शुश्रूषा घरातली सून, मुलगी किंवा बायको करते, तीही बिनपगारी आणि बिनसुट्टीची. पाठीची जखम कोणी पैसे घेऊन केली की मायेपोटी केली, हे बघून होत नाही. तिच्याकडे दोष काढायला नव्हे, तर तिला दुसरा हात केव्हा लागतो हे कळायला हे प्रश्न हवेत.

न बोलणाऱ्याची साक्ष

जखमेनंतर ब्यूरो बदलला, दिवसाच्या मावशी बदलल्या, आणि वळवायच्या वेळी आमच्यापैकी एकाने हजर राहायचे असे ठरले. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी आईला ‘हो’साठी डोळे मिटायला आणि ‘नाही’साठी डावी मूठ आवळायला शिकवले. तेव्हा माझ्या लक्षात आले, की रोज सकाळी आंघोळीच्या वेळी आई मूठ आवळायची ती कित्येक महिन्यांपासून! आम्ही तिला आजाराचा झटका समजत होतो. नव्या मावशी तांब्या हातात घेऊन आधी म्हणायच्या, ‘आजी, आता पायावर पाणी घालते हं.’ आठवडाभरात ती मूठ सैल झाली. पाणी तेच, तांब्या तोच. फरक फक्त सांगून घालण्याचा होता.

माझ्या परिचयातला एक चौतीस वर्षांचा तरुण मोटारसायकलच्या अपघातात कमरेखाली लुळा झाला. त्याच्याकडे येणारे मामा कामाला चोख आहेत. पण त्याची तक्रार वेगळी आहे. ‘मला सकाळी सहाला अंघोळ नको असते. ती त्यांच्या पाळीची सोय आहे. माझं शरीर त्यांच्या वेळापत्रकात बसवलंय.’ घरच्यांना ही कुरकुर वाटते. मला ती दर्जाविषयीची तक्रार वाटते आणि ती कोणत्याही छापील कागदावर मावत नाही.

बाहेरची नजर

बँकेची शाखा स्वतःची तपासणी स्वतः करत नाही. घरातल्या खाटेचे मात्र नेमके तसेच होते. रोगी दवाखान्याच्या खाटेवर असेल तर त्या दवाखान्याला १९४९ सालचा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा लागू होतो. तोच रोगी घरच्या खाटेवर आला, की तो कायदा दारातच थांबतो. आमच्या ब्यूरोच्या पावतीवर दुकाने व आस्थापनांखालचा नोंदणी क्रमांक होता. शुश्रूषेशी संबंध असलेली दुसरी कसलीही नोंद नव्हती.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. पण त्याचा भर मुलांकडून निर्वाह मिळवण्यावर आणि वृद्धाश्रमांवर राहिला. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, त्यांना किमान निकष असावेत, असे म्हणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले खरे. स्थायी समितीकडे गेले, तिचा अहवालही आला. पण विधेयक मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा त्याबरोबर तेही संपले. २०११च्या जनगणनेतच साठीच्या वरचे लोक दहा कोटींहून अधिक होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही दिरंगाई किती महाग आहे ते कळते.

कायदा झाला म्हणजे सारे झाले, असेही नाही. इंग्लंडमध्ये २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन आहे. घरी सेवा देणाऱ्या संस्थाही ते तपासते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेची आहे का, माणसाच्या गरजेनुसार बदलते का आणि संस्थेचा कारभार नीट आहे का, अशा पाच प्रश्नांवर दर्जा देते. प्रश्न उत्तम आहेत. तरीही २०२४ साली याच कमिशनची चौकशी झाली, तेव्हा काही संस्थांना कधीच दर्जा दिलेला नाही आणि काहींचा दर्जा कित्येक वर्षांचा शिळा आहे, असे आढळले. तिथे पंधरा मिनिटांत उरकणाऱ्या भेटी इतक्या वाढल्या होत्या, की २०१५ साली घरगुती सेवेसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत ‘शक्यतो अर्ध्या तासाहून कमी भेट नको’ असे सांगावे लागले.

मला जपानची एक गोष्ट अधिक पटते. तिथे एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आहे आणि घरी सेवा घेणाऱ्याच्या वाट्याला एक केअर मॅनेजर येतो. त्याने महिन्यातून एकदा तरी घरी जाऊन त्या माणसाला भेटायचे असते, फक्त त्याच्या मुलाला नव्हे. आणि फार लांब जायलाही नको. केरळने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचे धोरण केले. तिथे पंचायतींच्या आधाराने नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी पोचते. पाठ बघते, जखम बघते, सांभाळणाऱ्या बाईशीही दोन शब्द बोलते. पैसे देणारा नाही, घेणारा नाही, असा तिसरा माणूस त्या घरात येऊन जातो.

आपल्या शहरांत हे अशक्य आहे काय? ब्यूरोंची नोंदणी, कामाच्या तासांना मर्यादा आणि रोग्याच्या घरून मिळालेल्या पैशातले बाईंना किती दिले याची पावती, हे तीन नियम सरकारने करायचे आहेत. त्यासाठी वेळ लागेल. पण वॉर्डावॉर्डांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांत निवृत्त परिचारिका, शिक्षिका, डॉक्टर आहेत. महिन्यातून एकदा, घरच्यांच्या संमतीने, दोघांनी अशा एका घरी जावे. दहा मिनिटे खाटेजवळ आणि दहा मिनिटे स्वयंपाकघरात मावशींजवळ बसावे. सहली आणि व्याख्याने यांच्याइतकेच हेही संघाचे काम आहे.

तोवर निदान आपापल्या घरात एवढे करावे. पुढच्या एक तारखेला ब्यूरोचा कागद समोर आला, की पेन उघडण्याआधी आत जावे. मावशींना ‘रात्री झोप मिळते का, एकटीने काय जमत नाही?’ असे विचारावे. खाटेवरच्या माणसाचा हात हातात घेऊन, त्याला उत्तर द्यायला जितका वेळ लागेल तितका देऊन विचारावे. मग त्याची परवानगी घेऊन हलकेच कुशीवर वळवावे आणि पाठ बघावी. ब्यूरोचा माणूस पाच मिनिटे दारात थांबला, तर थांबू द्यावा.