विमान आले, पण वेळ मिळाली नाही

विमान हा काही आमच्या कृषी खात्याचा विषय नव्हे. पण एअर डेक्कनची गोष्ट शेताच्या बांधावरून सुरू होते, म्हणून चार शब्द लिहितो. कॅप्टन गोपीनाथ फौजेची नोकरी सोडून कर्नाटकात हासन जिल्ह्यात शेतीला लागले. नारळ लावले, रेशमाचे किडे पाळले. या रेशीमशेतीबद्दल त्यांना १९९६ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. याच माणसाने २००३ मध्ये बेंगळुरू-हुबळी विमान सुरू केले. तिकीट स्वस्त, काही तर एक रुपयाला! गर्दी वाढली तसा तोटाही वाढला. २००७ मध्ये किंगफिशरने हिस्सा घेतला, पुढे डेक्कन हे नाव पुसले गेले, आणि २०१२ साली किंगफिशरच बसली.

तेच नाव २३ डिसेंबर २०१७ रोजी आपल्या जळगावात उतरले. या वेळी गोपीनाथांचा वाटा थोडका होता. केंद्राच्या उडान योजनेत निम्म्या सीटांचे तासाभराचे भाडे अडीच हजारांच्या आसपास बांधलेले, आणि तूट भरायला तीन वर्षे अनुदान. विमान मात्र अठरा-एकोणीस सीटांचे. त्या दिवसांत एक केळीवाले दादा मला म्हणाले, "साहेब, आता आपली केळी उडत मुंबईला!" म्हटलं, "दादा, एका ट्रकातला माल न्यायला असली चार-पाच विमानं लागतील, तीही माणसं न बसवता." हसले बिचारे.

माल जाणार नव्हताच, पण माणसेही फार दिवस गेली नाहीत. मुंबईच्या गजबजलेल्या धावपट्टीवर छोट्या विमानाला सोयीची वेळ मिळेना, आणि पुढच्याच वर्षी जळगावची फेरी थांबली. हे आपल्याला नवीन आहे का? ठिबकला अनुदान मिळते, नळ्या अंथरून होतात, आणि वीज येते रात्री दोनला. सरकारने सीटांना पैसे दिले, उतरायच्या वेळेची हमी दिली नाही. कंपनीच्या चुका असतीलच, पण एवढ्या लहान विमानात चार सीटा रिकाम्या गेल्या तरी हिशेब कोलमडतो. वेळ अडनिडी असेल तर व्यापारी रेल्वेनेच जाणार.

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत कंपनीने उड्डाणे थांबवली, कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवले.

नव्या विमानसेवेचा विषय जिल्ह्याच्या बैठकीत निघाला की सरपंच मंडळींनी भाड्याआधी एक विचारावे: मुंबईत उतरायची वेळ कोणती, आणि ती लेखी मिळाली आहे का?