उसाच्या कांड्याचं बीपी ११८/७६

माझ्या टेबलावर सध्या उसाचं एक वीतभर कांडं ठेवलंय. मनगटाला बांधतात तसं त्याला एक स्मार्टवॉच बांधलंय. घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा लुकलुकतो आणि अर्ध्या मिनिटात आकडे येतात : बीपी ११८/७६, नाडी ७४, ऑक्सिजन ९८. शुगरसुद्धा येते, ५.६. उसाची शुगर नॉर्मल! पेशंट हे बघून पोट धरून हसतात. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो.

हे घड्याळ माझं नाही. एका मावशींचं आहे. पन्नाशीच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. चार वर्षांपासून त्यांना बीपीची गोळी चालू होती आणि बीपी ताब्यात होतं. गेल्या हंगामाआधी पुण्यात कंपनीत असलेल्या मुलानं मोठ्या मायेनं हे घड्याळ आणून दिलं. "आई, आता तुला दवाखान्यात चकरा मारायची गरज नाही." दिवाळीनंतर टोळी कोल्हापूरकडे गेली. सोबत नेलेल्या गोळ्या दोन महिन्यांत संपल्या. फडावरून दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, मुकादमाची बोलणी खावी लागतात. आणि मनगटावर तर रोज एकशेवीस बाय ऐंशी दिसत होतं. मग गोळी कशाला?

मार्चमध्ये एका पहाटे मोळी बांधता बांधता हातातून वाढं गळून पडलं. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. तिथल्या दवाखान्यात पट्टा लावून मोजलं तेव्हा बीपी होतं २१०/१२०. त्याच मिनिटाला दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ १२२/८० दाखवत होतं. त्यांचे मालक मला अजून विचारतात, "साहेब, घड्याळ तर चांगलं दाखवायलं होतं की वो?"

यात माझीही चूक आहे, ती आधी सांगतो. जाण्यापूर्वी मावशींनी ते घड्याळ मला कौतुकानं दाखवलं होतं. ओपीडीत गर्दी होती. मी "बरंय, बरंय" म्हणालो आणि पुढचा पेशंट बोलावला. डॉक्टरांनी बरंय म्हटलेलं घड्याळ! त्यानंतर कोण शंका घेणार?

म्हणून आज जरा सविस्तर, आणि जरा रागानं लिहितोय.

बीपी म्हणजे दाब. दाब मोजायला दाबावंच लागतं. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून हवा भरतो, तेव्हा दंडातली रक्तवाहिनी क्षणभर पूर्ण बंद होते. मग हवा हळूहळू सोडायची. रक्त पहिल्यांदा धडक मारून पुढे सरकतं तो वरचा आकडा, आणि अडथळा संपून ते मोकळं वाहायला लागतं तो खालचा. पाऱ्याचं यंत्र असो की बॅटरीचं, तत्त्व हेच : एका माहीत असलेल्या दाबाशी तुमच्या रक्ताच्या दाबाची झुंज लावायची आणि कोण कधी जिंकतं ते बघायचं.

तुमच्या मनगटावरचं घड्याळ काही दाबत नाही. ते फक्त कातडीवर हिरवा उजेड टाकतं. रक्त हिरवा उजेड शोषतं. ठोका पडला की कातडीखाली रक्त वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो. यावरून ठोके मोजता येतात आणि ते बऱ्यापैकी बरोबर येतात. उजेडावरून दाब मात्र थेट कळत नाही. तिथून पुढे सुरू होतो तो अंदाज. घड्याळ चालू करताना अ‍ॅपनं तुमचं वय, वजन, उंची विचारली होती ना? ती कशासाठी विचारली असेल? माझ्या टेबलावरच्या या घड्याळापुरतं मी सांगू शकतो, की त्याला ठोका नसला तरी चालतो, माणूस नसला तरी चालतो. ते एकशेवीसच्या आसपास काहीतरी दाखवून मोकळं होतं.

आणि फसवणुकीची खरी मेख इथेच आहे. जे यंत्र प्रत्येकाला १२० दाखवतं, ते निरोगी माणसाच्या बाबतीत बरोबरच निघतं! पंचविशीतला मुलगा घड्याळ घेतो, घड्याळ ११८ दाखवतं, दवाखान्यात मोजलं तर ११६ येतं. तो खूश होऊन ऑनलाइन पाच चांदण्या देतो आणि तेच घड्याळ आईसाठीही मागवतो. ज्यांच्यासाठी आकडा महत्त्वाचा, नेमकं त्यांच्याच बाबतीत ते चुकतं. त्या मावशी चांदण्या द्यायला जात नाहीत. शिवाय वाढलेलं बीपी दुखत नाही, खुपत नाही. शरीर ओरडत नाही म्हणून तर यंत्रावर भिस्त ठेवायची. तेच यंत्र खोटं बोललं तर माणसाला कळणार कसं?

"डॉक्टर, तुम्ही जुन्या विचाराचे, तुम्हाला टेक्नॉलॉजी आवडत नाही," असं एका तरुणानं मला ऐकवलं. बरं, टेक्नॉलॉजीवाल्यांकडेच जाऊ. अ‍ॅपलच्या महागड्या घड्याळात बीपीच्या इशाऱ्याची सोय आहे, तिला अमेरिकेच्या एफडीएनं सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. ते घड्याळ काय करतं? महिनाभराची माहिती तपासून "तुमचं बीपी वाढलेलं असण्याची शक्यता आहे" एवढंच सांगतं. आकडा दाखवत नाही. उलट पुढचे सात दिवस दंडाच्या पट्ट्याच्या यंत्रानं मोजा म्हणतं. सॅमसंगच्या घड्याळात आकडा येतो, पण त्याआधी पट्ट्याच्या यंत्राशी मेळ घालावा लागतो आणि दर २८ दिवसांनी पुन्हा घालावा लागतो. इतका पैसा, इतके इंजिनिअर असलेल्या कंपन्या जिथं पट्ट्यापुढे हात जोडतात, तिथं बाराशे रुपयांचं घड्याळ बिनपट्ट्याचं बीपी छातीठोकपणे दाखवतं. यातलं खरं कोण असेल, तुम्हीच ठरवा.

शुगरची गोष्ट तर याहून वाईट. एका पेशंटच्या घड्याळात मागच्या वर्षी शुगर नव्हती. अ‍ॅप अपडेट झालं आणि शुगर आली! घड्याळ तेच, दिवा तोच. फक्त सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी पडद्यावर एक नवीन आकडा टाकला. औषध कंपनीनं गोळी न बदलता पाकिटावर "आता मधुमेहावरही" असं छापलं तर आपण गप्प बसू का?

सुई न टोचता शुगर मोजायचे प्रयत्न जगात बरीच वर्षं चालू आहेत. गुगलनं जानेवारी २०१४ मध्ये डोळ्यातल्या पाण्यावरून शुगर सांगणारी लेन्स जाहीर केली होती. अश्रूतली साखर आणि रक्तातली साखर यांचा भरवशाचा मेळ बसेना, म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये काम थांबवलं. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी एफडीएनं लोकांना सरळ बजावलं, की न टोचता स्वतःहून रक्तातली शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका. काहींच्या दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवलेली असते, ती वेगळी. तिची केसासारखी तार कातडीखाली जाते आणि खरोखर मोजते. घड्याळ किंवा मोबाईल तिथं नुसता आरसा असतो.

त्यात आपल्याकडे आणखी एक घोळ. ही स्वस्त घड्याळं शुगर मिलिमोलमध्ये दाखवतात. आपल्या लॅबमध्ये ती मिलिग्रॅममध्ये येते. ५.६ मिलिमोल म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम (अठरानं गुणायचं). पण ५.६ बघून आपल्या लोकांना आठवते ती तीन महिन्यांची शुगर, एचबीए१सी. "साहेब, माझी तीन महिन्यांची पाच पॉइंट सहा आली," असं म्हणत एक गुरुजी पेढे घेऊन आले होते. मी बोटातून रक्त घेऊन तपासलं, २८४. पेढे तसेच परत गेले. तीन महिन्यांची सरासरी मनगटावरच्या उजेडातून अर्ध्या मिनिटात येत नसते, गुरुजी!

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त घातक आहे. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्याला अचानक घाम फुटला, हातपाय थरथरले, जीव घाबराघुबरा झाला, तर शुगर उतरलेली असू शकते. अशा वेळी घड्याळात बघत बसू नका. आधी साखर किंवा गुळाचा खडा तोंडात टाका, मग बोटातलं रक्त तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

मग हे विकायला परवानगी कशी मिळते? आपल्या देशात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, आणि त्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आहे. पण पळवाट सोपी आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात "बीपी मॉनिटर", आणि अ‍ॅपच्या सातव्या पानावर मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत, "हे वैद्यकीय उपकरण नाही". विकताना डॉक्टर, आणि पेशंट आडवा झाला की खेळणं! १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्यात ताईत, मंत्र, कवच हे शब्द आहेत आणि आजारांच्या यादीत मधुमेह आणि रक्तदाबही आहेत. मधुमेह बरा करणारा ताईत विकणाऱ्या बुवाला आपण भोंदू म्हणतो. या घड्याळवाल्यांना काय म्हणायचं, तो शब्द मला अजून सापडायचाय.

आपण काय करणार, आपण साधी माणसं, असं म्हणू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते, आठवतं का? दोन जीबी रॅमचे फोन, तापायचे, बंद पडायचे. वर पोषण ट्रॅकर अ‍ॅप, आणि ते भरायचं इंग्रजीतून. दिल्लीत बसून अ‍ॅप बनवणाऱ्यानं अंगणवाडीत एक दिवस काढला असता तर त्याला कळलं असतं, की बाळाचं वजन काट्यावर कळतं, पडद्यावर नाही. "हे चालत नाही, घ्या परत" असं सरकारला सांगणं सोपं नव्हतं. आपल्याला तर दुकानदाराला सांगायचंय! परतीची मुदत असेल तर घड्याळ परत करा. मुदत गेली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. डबा, पावती आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोग बीडमध्येही आहे.

घड्याळ फेकून द्या असं मी म्हणत नाही. पावलं मोजायला ते ठीक, नाडीला बरंचसं ठीक. चांगल्या प्रतीच्या घड्याळातला ईसीजी ठोक्यांची अनियमितता पकडतो, हार्ट अटॅक मात्र पकडत नाही. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे त्यातला गजर. रात्री नऊचा गजर लावा आणि बीपीची गोळी घ्या. बाराशे रुपये तिथंच वसूल!

बीपीसाठी घरात काही घ्यायचंच असेल तर दंडाला पट्टा बांधायचं बॅटरीचं यंत्र घ्या. पहिल्यांदा ते दवाखान्यात आणून आमच्या यंत्राशी ताडून घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिसरी काही नको. (बायाबापड्यांनो, मिसरीसुद्धा तंबाखूच आहे, तिनंही बीपी चढतं.) पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीला. दोनदा मोजा आणि वहीत लिहा. यंत्र परवडत नसेल तर गावच्या उपकेंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी फुकट तपासतात. गोळी चालू असताना आकडा चांगला आला, म्हणजे गोळी काम करतेय. ती बंद करायची वेळ आली असा त्याचा अर्थ नाही.

टोळीसोबत जाणाऱ्यांनी दसऱ्याच्या आसपास एकदा येऊन जा. जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या लिहून देतो, आणि एक चिठ्ठी देतो. त्यावर औषधाचं नाव आणि तुमचे बीपीचे आकडे मराठीत असतील. कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात ती दाखवा, गोळी मिळेल.

आणि तुमचं घड्याळ असेल तर तेही घेऊन या. दंडाला पट्टा लावू, मनगटाला घड्याळ लावू, दोन्ही आकडे शेजारीशेजारी बघू. त्याचे पैसे नाहीत. मावशी आता भिंतीला धरून चालतात. त्यांचं घड्याळ त्यांनी मला देऊन टाकलं, म्हणाल्या, "सगळ्यांना दाखवा." ऊसही आता पार वाळलाय. आज सकाळी त्याचं बीपी ११९/७७ होतं.